ओटीत घातलेली पोर

माझ्या डाव्या बाजूला गाठ आहे हे मला सातव्या महिन्यात न्हाणीत कळलं. कळलं म्हणजे काय, साबण लावताना हाताखाली आली. आवळ्याएवढी. दाबली तर दुखेना. उजवीकडे चाचपून पाहिलं, तिकडे काही नव्हतं. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, सगळं पाणी संपवतेस की काय?" तशी मी घाईघाईने अंगावर तांब्या ओतला आणि बाहेर आले. सांगायचं कुणाला? ह्यांच्याशी तर दिवसाउजेडी बोलणंच होत नसे. आणि छातीला छाती म्हणायचीसुद्धा आमच्याकडे चोरी. सगळं आपलं 'अंगावर' नाहीतर 'त्या बाजूला'.

भिवंडीत निजामपुऱ्यात आमचं तीन खोल्यांचं घर होतं. मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. त्याची खटखट इतकी अंगवळणी पडलेली की वीज जाऊन लूम बंद पडले की आम्ही दचकायचो. हे मामलेदार कचेरीत कारकून, मोठे दीर शाळामास्तर. सासरे नव्हते, घरात राज्य सासूबाईंचं. आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना मी ताई म्हणायचे. ताईही तेव्हा पोटुशी होत्या, माझ्यापेक्षा महिनाभर पुढे. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा पोट पडलेलं, आणि हे पहिलंच टिकलेलं. शेवटी मी त्यांनाच न्हाणीत बोलावलं आणि हात धरून दाखवलं. त्यांनी चाचपलं आणि हसल्या. म्हणाल्या, "दुधाची असेल गं. पहिलटकरणीला काय काय होतं. कुणाला सांगत बसू नकोस, उगीच औषधं पाजतील." मला एकदम हलकं वाटलं. ताईंचं बोलणंच तसं होतं, ऐकलं की पटायचं.

एका छपराखाली दोन बाळंतिणी नकोत, हा सासूबाईंचा नियम. ताईंना आई नव्हती, म्हणून मी जवळच पूर्ण्याला माहेरी गेले. भाताची शेती, दारात गुरं, आणि दिवसभर आईचं माझ्यामागे खा खा. तिकडे ताईंना मुलगा झाला, मागून मला मुलगी झाली. पोर गोरीगोमटी, केस एवढे की आई म्हणाली, "बाय, हिची येणी आताच घालावी लागंल." दूध मला भरपूर. पण गाठ काही गेली नव्हती. उलट वाढली होती. आता ती वरून दिसायची, पोर पीत असली की तिच्या गालाला टेकायची. आईने पाहिली तेव्हा ती घाबरली असणार, पण तोंडाने म्हणाली, "दूध साचलंय, शेकलं की जाईल." रोज सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याच्या घड्या ठेवायची. कातडी लाल झाली, गाठ तिथेच.

सव्वा महिन्यानंतर मी पोरीला घेऊन निजामपुऱ्यात आले. आणि त्याच सुमारास ताईंचा मुलगा गेला. मेला ताप तो काय, सकाळी अंग कोमट होतं, दुपारी आकडी आली. दीर टांगा आणायला धावले. टांगा डॉक्टरच्या दारात थांबला तेव्हा ताईंच्या मांडीवर काही उरलं नव्हतं.

त्या रडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पण दुधाला कुठे कळतं? माझी पोर रडली की ताईंचं पोलकं भिजायचं. मग त्या उठून कोपऱ्यात जायच्या, वाटीत दूध पिळायच्या आणि तुळशीच्या मुळाशी नेऊन ओतायच्या, कारण ते पायदळी जाऊ द्यायचं नसतं. मला ते बघवायचं नाही. मी पोरीला घेऊन आतल्या खोलीत जायचे, तिला गप्प करायला जीव टाकायचे, कारण ती रडली की तिकडे ताईंची छाती वाहायला लागायची. ते दूध तुंबून त्यांना ताप यायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता आटवायलाच हवं. आमच्याकडे दूध आटवायला मोगरा बांधतात. ताजे गजरे छातीवर पसरायचे, वरून जुन्या धोतराच्या पट्टीने आवळून बांधायचं, आणि फुलं सुकली की नवी घालायची. उन्हाळा होता, मोगऱ्याचे दिवस. सासूबाईंनी बाजारात फुलवालीला सांगून ठेवलं.

त्याच आठवड्यात ह्यांनी गाठ पाहिली. कशी पाहिली ते सोडा. पण पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या बाईंकडे नेलं. त्या डॉक्टरीण बाईंनी चाचपलं आणि म्हणाल्या, ठाण्याला सर्जनना दाखवा. मग एसटीने ठाणं. सर्जन वयस्क होते, मान खाली घालून तपासायचे, तेवढं बरं. बोट फिरवत राहिले, काखेत पाहिलं, आणि ह्यांना पडद्यापलीकडे नेलं. मी आत पोलक्याची बटणं लावत होते, पण पडद्याला काय, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "बाळंतपणात अशा साध्या गाठी होतात. पण साधी कुठली आणि वाईट कुठली, हे हाताला कळत नाही. दोन्ही अशाच घट्ट लागतात. कॅन्सर नाहीच असं मी चाचपून सांगणार नाही. काढू आणि तपासायला पाठवू. तोवर त्या बाजूला कमी पाजा, दूध फार असलं की जखम लवकर भरत नाही."

एवढंच बोलले ते. त्या बाजूला, कमी पाजा. माझ्या कानांनी ऐकलंय मी. पण ठाण्याहून भिवंडीला येईपर्यंत त्याचं काय झालं पाहा. ह्यांनी ओट्यावर चपला काढता काढता सांगितलं, "त्या आजाराची शंका आहे म्हणतात." सासूबाई म्हणाल्या, "शंका कसली? कापायचं म्हणतात म्हणजे आहेच." आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही, पुढे कधीच नाही. नुसतं 'तो आजार'. मास्तर दीर ओसरीवर पेपर वाचत होते. पोरांना आरोग्याचे धडे शिकवणारा माणूस. ते म्हणाले, "आईचं खरं आहे. धोका कशाला?"

पोर भुकेजली होती. दिवसभर तिला पाण्यात कालवलेलं वरचं दूध पाजून ठेवलं होतं. मी हात पुढे केले तर सासूबाईंनी तिला माझ्या पुढ्यातून उचललं. "आता नाही," म्हणाल्या. "त्या आजाराचं दूध पोरीच्या पोटात नको." मी ओरडले, "एकाच बाजूला आहे ना! दुसरी चांगली आहे, त्या बाजूचं पाजते!" तर म्हणाल्या, "अंगात रक्त एकच ना? दूध रक्ताचंच होतं." कपाळ माझं! हे दारात उभे होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली पाहिलं. त्या क्षणी माझा असा संताप झाला की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

सासूबाईंनी पोरीला नेऊन ताईंच्या मांडीवर ठेवलं. ताई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांना कळायच्या आत पोरीने तोंड लावलं. ताईंच्या घशातून एक आवाज आला. आणि मग त्या रडायला लागल्या, मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा. हुंदके देत होत्या आणि पोर घटाघटा पीत होती. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. माझी छाती ताठली होती, दोन्हीकडून पाझरत होती.

सासूबाई आत गेल्या आणि केळीच्या ओल्या पानातली पुडी घेऊन आल्या. ताईंसाठी आणलेले ते गजरे होते. "पोलकं काढ," त्या मला म्हणाल्या. आणि ताईंचं दूध आटवायला आणलेला मोगरा त्यांनी माझ्या छातीला बांधला.

मी ताकदीची बाई होते, शेतातली. ढकलून दिलं असतं त्यांना. पण खरं सांगू? मीही घाबरले होते. खरोखर विष असलं तर? पोरीला काही झालं तर? त्या भीतीने माझे हात खाली राहिले. पट्टी अशी आवळली की श्वास घेता येईना. दोन दिवसांत छातीचा दगड झाला, काखेपर्यंत ठणका, अंगात फणफणून ताप. आणि तो वास, ओल्या, गरम, कुजत चाललेल्या फुलांचा. लूम चालू असले की बरं असायचं. वीज गेली, लूम थांबले, की पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं. पोर पिताना नाकाने कसा आवाज करते, ताई तिच्याशी काय बोलतात, तिला ढेकर कशी येते. मी उशीत तोंड खुपसायचे.

ऑपरेशनला निघायच्या सकाळी सासूबाईंनी देवापुढे पाट मांडला. पाटावर ताईंना बसवलं, पदर पसरायला सांगितला. मला म्हणाल्या, "पोरीला हिच्या ओटीत घाल." मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "तुझ्या कपाळी काय लिहिलंय ते तुलाच भोगावं लागेल. पोर तुझी राहिली नाही म्हणजे तिच्यावर काही येणार नाही. आणि तुझं बरंवाईट झालं तरी तिला आई राहील." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुष्टपणाने नव्हत्या बोलत. त्यांना खरंच वाटत होतं की पोर वाचवायची तर अशीच वाचेल. आणि मलाही तेच वाटलं. मी मरणार, हे मी धरूनच चालले होते. मग माझ्यामागे पोरीला कोण? ताईंसारखी माया कोण करणार? मी पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, आणि तिला ताईंच्या ओटीत घातलं. म्हटलं, "ताई, आजपासून तुमची." ताईंनी पदर गोळा केला. आणि मी ह्यांच्याबरोबर टांग्यात बसले.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. गाठ काढली, टाके घातले, गाठ मुंबईला तपासायला गेली. घरी येऊन मी पडून होते. पोरीला माझ्याजवळ आणत नव्हते, जखमेला धक्का लागेल म्हणून. दुरून दाखवायचे. मी हाक मारली की ती आवाजाकडे वळायची, मग ताईंच्या खांद्यात तोंड घालायची. आई पूर्ण्याहून येऊन गेली. अंगारा लावला, माझे पाय चेपले, आणि जाताना ओसरीवर बसून पदर तोंडाला लावून रडली. सगळेच मला शेवटचं बघायला आल्यासारखे यायचे आणि निरोप घेतल्यासारखे जायचे. माझ्याकडून कुणी काही मागायचं नाही, भांडायचं नाही, माझ्यावर कुणी चिडायचंसुद्धा नाही. त्यावरूनच मला कळायचं की ह्या सगळ्यांच्या लेखी मी गेलेलीच आहे.

मग ठाण्याहून बोलावणं आलं. सर्जन खुर्चीत मागे रेलले होते, हसत होते. म्हणाले, "साधी गाठ निघाली. दुधाच्या पेशी वाढून होते ती. कधी कधी दूध थांबलं की आपोआप विरतेसुद्धा. कॅन्सरबिन्सर काही नाही. पुढच्या खेपेस पुन्हा आली तर घाबरू नका, दाखवा मात्र. जा, पोरीला पोटभर पाजा." हे म्हणाले, "दूध आटवलं, डॉक्टर." सर्जननी विचारलं, "का? आटवायला कुणी सांगितलं?" टेबलावरचा पंखा इकडून तिकडे फिरत होता. मी म्हटलं, "आमच्या घरच्यांनी सांगितलं." आणि मला हसू आलं. हसता हसता रडू आलं आणि ते काही केल्या थांबेना, शेवटी नर्सने पाणी दिलं.

एसटीत मी ह्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. माझ्या डोक्यात एकच होतं. मी मरणार म्हणून पोर दिली होती. आता मी मरत नाही. मग पोर माझी.

घरात शिरले ती सरळ ताईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "ताई, काही निघालं नाही. आणा तिला." ताई उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. पण त्यांनी पोरीला माझ्या हातात दिलं. त्या वाईट असत्या तर किती बरं झालं असतं! कडाकडा भांडले तरी असते. मी पोरीला घेऊन खाली बसले, पदराखाली घेतलं. तिने तोंड लावलं, ओढलं, काही येईना. पुन्हा ओढलं. मग तोंड सोडून माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला. मी दुसऱ्या बाजूला घेतलं. तिकडेही कोरडं. पोर लालबुंद, पाय झाडतेय, आणि दारात ताई उभ्या, त्यांचं पोलकं भिजत चाललेलं. मी त्यांच्यावर ओरडले, "जा ना तुम्ही इथून! तुमचा वास येतो म्हणून घेत नाही ती!" त्या गेल्या.

मी हट्टाला पेटले. हळीव खाल्ले, शतावरी प्यायले, तिला दर घटकेला छातीशी धरलं. दूध काही फुटलं नाही. वरचं दूध तिला पचेना. उलट्या, हगवण. केसांची दाट पोर, तिचं डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं आणि मांड्यांची कातडी लोंबायला लागली. ताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या आणि पोर रडली की लाटणं तसंच धरून उभ्या राहायच्या. त्यांनी मागितली नाही. एकदाही नाही. एका दुपारी पोर रडायचीसुद्धा थांबली, नुसतं बघत राहिली. तेव्हा मी उठले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिला ताईंच्या हातात दिलं. त्या तिथेच परातीशेजारी बसल्या आणि पाजायला लागल्या. पिठाच्या हातांनीच.

पुढे पोरीने बाळसं धरलं तेव्हा मी पुन्हा मागितली. म्हटलं, आता भात खाते, आता मला द्या. तर सासूबाई म्हणाल्या, "ओटीत घातलेलं परत मागतात का? अगं, त्या बाईने मुलगा घालवलाय. आणि तू काय, तरुण आहेस, होतील तुला." हे म्हणाले, "एकाच घरात तर आहे." एकाच घरात! मी चिडून पूर्ण्याला निघून गेले. वाटलं, आई तरी माझ्या बाजूने बोलेल. आई चुलीत लाकूड सारत म्हणाली, "ओटी भरलीस न्हाय का देवापुढं? मंग आता तोंडानं परत कशी मागशील, बाय? ती जगली हाय, तेवढं बघ." मी दोन दिवस राहिले आणि परत आले. जाणार कुठे होते?

पोर बोलायला लागली तेव्हा ताईंना आई म्हणाली. मला काकी. तिला कुणी शिकवलं नाही, घरात जे कानावर पडायचं ते ती म्हणायची. एकदा ताईंनीच तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ती आई." पोर खदखदून हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय. मीसुद्धा हसले.

मला दुसऱ्यांदा दिवस राहिले. गाठ पुन्हा आली, उजवीकडे, लहान. मी ठाण्याला जाऊन दाखवली, सर्जन म्हणाले राहू दे. ह्या खेपेस सासूबाईंना मी जवळ येऊ दिलं नाही. मुलगा झाला, आणि मी त्याला दोन्ही बाजूंना पाजलं, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत.

एका दुपारी मी मधल्या खोलीत त्याला घेऊन बसले होते. मुलगी अंगणातून खेळून आली, तोंड घामाने भिजलेलं. मला बघून जागच्या जागी थबकली. मग धावत आली आणि बाळाचा पाय धरून ओढायला लागली. "नको पाजू, काकी! त्याला तुझा आजार होईल!" मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "आजी सांगते. तुझ्या मांडीवर बसायचं नाही, तुला तो आजार आहे." मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही गं बाळा. कधीच झालं नव्हतं." तिला ते पटलं नाही. तिने जोरात "आई!" करून हाक मारली. ताई आतून धावत आल्या, तशी ती त्यांच्या पदरामागे लपली आणि तिथून डोळे पुसत मला विनवायला लागली.

"काकी, बाळ आईला दे ना. दे ना गं. मग ते मरणार नाही."